विनानोटीस फेरफार

सोमाटणे फाट्यावरून आत वळले की शिरगाव लागते. बाहेरच्यांना ते प्रतिशिर्डीच्या साईमंदिरामुळे ठाऊक असते. मावळातल्या माणसाला मात्र ते जमिनीचे व्यवहार जोरात चालणाऱ्या पट्ट्यातले गाव म्हणूनही ठाऊक आहे. जवळून द्रुतगती मार्ग गेलेला, शेजारी गहुंजे आणि तिथले क्रिकेटचे मैदान, पलीकडे हिंजवडीच्या कंपन्या. अशा टापूत वडिलोपार्जित गटांचे तुकडे पडतात, सातबाऱ्यावर नावे वाढतात, बोजे चढतात आणि उतरतात, आणि फेरफारांच्या नोंदींना खंड पडत नाही. त्या हिंजवडीतले हजारो प्रोग्रामर रोज ज्या एका चिवट दोषाशी झगडतात, तो समजून घ्यायला शिरगावसारख्या गावचा सातबारा फार उपयोगी पडतो. दोष असा, की प्रोग्राममध्ये एका नोंदीला हात लावावा आणि तिच्याशी नात्याने बांधलेली भलतीच नोंद बदलून जावी, कधी पुसलीही जावी. कुणी सांगितलेले नसते, पडद्यावर काही दिसत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. याचे खापर बहुधा प्रोग्रामरच्या अज्ञानावर किंवा त्याने वापरलेल्या साधनावर फुटते. मला दोन्ही निदाने अपुरी वाटतात. एका नोंदीमुळे दुसरी बदलावी लागणे यात गैर काही नाही. गैर आहे ते तो बदल कुठवर पोचणार हे कुणालाही न सांगता होऊ देणे. ही गोष्ट आपल्या महसुली दफ्तराने संगणक यायच्या कितीतरी आधी ओळखली होती.

आधी दफ्तराची रचना पाहू. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. नमुना ७ मध्ये जमीन कुणाची, किती, तिच्यावर कुणाचे इतर हक्क आहेत ते येते. नमुना १२ मध्ये पिकांची नोंद. हा उतारा गटाचा असतो, माणसाचा नव्हे. माणसाचा उतारा म्हणजे आठ-अ: एका खातेदाराच्या नावे त्या गावात किती गट आहेत आणि त्यांचे क्षेत्र व आकारणी किती, याची यादी. या दोहोंत बदल घडवणारी नोंद तिसऱ्याच ठिकाणी होते, गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत. खरेदी, वारस, वाटणी, कर्ज, काहीही असो, आधी फेरफार, मग सातबारा. आता समजा एका खातेदाराचे शिरगावात सात गट आहेत. तो वारला. वारस नोंद एकच, पण तिचा परिणाम सातही सातबाऱ्यांवर आणि आठ-अ वर व्हायला हवा. म्हणजे एक बदल अनेक नोंदींत पोचणे ही संगणकाने आणलेली आपत्ती नाही, ती जमिनीच्या कारभारातली रोजची गरज आहे.

हस्तलिखित काळात ही गरज तलाठ्याच्या हाताने भागवली जाई आणि तिथे चूक होई ती नेमकी उलट्या दिशेची. बदल पोचायला हवा तिथे पोचत नसे. विकास सोसायटीचे कर्ज घेताना तीन गटांवर बोजा चढवला, कर्ज फिटल्यावर दोन गटांवरून उतरवला, तिसऱ्यावर तसाच राहिला. पुढे मुलाने तो गट विकायला काढला तेव्हा वीस वर्षांपूर्वी फिटलेले कर्ज इतर हक्कांच्या रकान्यातून वर आले. थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागले, धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांत गृहीत धरले गेले, आणि पुढच्या पिढीत ती अक्षरे गळाली की धाकट्यांचे वारस कचेरीच्या पायऱ्या झिजवू लागले. ही दुखणी अजून संपलेली नाहीत. राज्य सरकारला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम घ्यावी लागली ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी, आणि तिच्या पुढच्या टप्प्यात ए.कु.मॅ., तगाई, जुने बोजे अशा कालबाह्य नोंदी काढण्याचे काम आले. तेव्हा एका बदलामागे दुसरा ओढणारी साखळी संगणकाने आणली म्हणून सगळे बिघडले, असे म्हणणाऱ्याने हे दफ्तर एकदा चाळावे.

संगणकाने या दुखण्यावर जो उतारा दिला त्याचे मूळ १९७० सालच्या एका निबंधात आहे. आयबीएममधले एडगर कॉड यांनी त्यात मांडले की माहिती तक्त्यांमध्ये ठेवावी, आणि एका तक्त्यातल्या ओळीने दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडे फक्त खूण करावी. पुढे याच विचारातून शिस्त आली की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची. खातेदाराचे नाव सात सातबाऱ्यांवर सात वेळा कशाला? खात्याच्या तक्त्यात ते एकदाच लिहा, सातबाऱ्यांवर फक्त खाते क्रमांक ठेवा. नाव एका जागी सुधारले की सातही उतारे सुधारलेले निघतील. कल्पना उत्तमच आहे, पण अडचण पुढच्या पायरीवर आली. प्रोग्रामर विचार करतो तो वस्तूंच्या भाषेत: हा खातेदार, हे त्याचे गट, हा त्या गटावरचा बोजा. डेटाबेस बोलतो तक्ते आणि ओळींच्या भाषेत. या दोघांमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या साधनाला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम म्हणतात. गॅविन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेले हायबरनेट हे त्यातले सर्वात गाजलेले. पुढे त्याच वळणावर जावा भाषेसाठी २००६ मध्ये जेपीए हे प्रमाणक ठरले. पायथॉनवाले जँगो वापरतात, मायक्रोसॉफ्टच्या जगात एंटिटी फ्रेमवर्क आहे. बँक, विमा, रेल्वे, रुग्णालय, शाळेचा दाखला, कुठल्याही मोठ्या यंत्रणेत यातला कोणी ना कोणी दुभाष्या बसलेला सापडण्याची शक्यता बरीच आहे.

हा दुभाष्या फार कामसू असतो, आणि गोम तिथेच आहे. त्याला एक वस्तू ‘सेव्ह कर’ म्हटले की तो तिच्या हाताला धरून उभ्या असलेल्या वस्तूही पाहतो. नात्यावर ‘कॅस्केड’ असे लिहिले असेल तर त्यांनाही सेव्ह करतो, मग त्यांच्या हाताला धरलेल्यांनाही. जमिनीच्या नोंदी अशा साधनात कुणी मांडल्या आहेत असे धरून चालू. सकाळी दहा वाजता एका कर्मचाऱ्याने पिकाची नोंद दुरुस्त करायला एक गट उघडला. त्याच्या पडद्यामागे गट आला, गटाबरोबर खातेदार आला आणि खातेदाराचे तेव्हाचे चुकलेले आडनावही आले. साडेदहाला दुसऱ्या टेबलावर ते आडनाव रीतसर सुधारले गेले. अकरा वाजता पहिल्याने भाताच्या जागी सोयाबीन लिहून बटण दाबले. त्याने आडनावाला हातही लावला नव्हता. पण गट-खातेदार नात्यावर कॅस्केड असल्याने दुभाष्याने सकाळची खातेदाराची प्रतही प्रामाणिकपणे परत लिहिली आणि सुधारलेले आडनाव पुन्हा चुकले. तेही त्या खात्याच्या एकूण एक गटांवर, कारण नाव एकाच ठिकाणी लिहिलेले. पिकाची नोंद बरोबर झाली म्हणून पहिला खूश, आणि दुसऱ्याला आपले काम उलटल्याचे कळायला कदाचित वर्ष लागेल. ओळीवर आवृत्तीचा क्रमांक ठेवला आणि लिहिण्यापूर्वी तो ताडून पाहिला, तर हा घोळ टळतो. ही सोय अनेक ओआरएममध्ये आहे. पण ती आपण होऊन मागावी लागते.

दुसरा प्रकार आणखी चोरटा. हायबरनेटच्या धाटणीच्या साधनांत ‘सेव्ह’ म्हणायचीही गरज नसते. डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) चालू असताना स्मृतीतली वस्तू मूळ ओळीपेक्षा वेगळी दिसली, की व्यवहार पुरा होताना साधन तो फरक स्वतःच डेटाबेसमध्ये लिहिते. आता एखाद्याने केवळ छापण्यासाठी, शेतकऱ्याला सवयीचे एकर दिसावेत म्हणून, १.२० हेक्टरच्या जागी त्याच वस्तूत २.९७ हा आकडा घातला. हेतू दाखवण्याचा, पण साधनाला हेतू कळत नाही. त्याला फरक कळतो. गटाचे क्षेत्र २.९७ हेक्टर होऊन बसले आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळेना. उतारा नुसता बघितल्याने जमीन अडीचपट झाली, असा हा चमत्कार.

आणि तिसरा प्रकार पुसण्याचा. जेपीएमध्ये कॅस्केडचे वेगवेगळे प्रकार आहेत: नवीन वस्तू टाकतानाचा, बाहेरून आलेला बदल मिसळतानाचा, पुसतानाचा, असे. काहीच लिहिले नाही तर साखळी चालत नाही, हे प्रमाणकाने शहाणपणाने ठरवले आहे. पण सगळे प्रकार एका शब्दात मागण्याची सोयही दिली आहे, ‘ऑल’. प्रोग्रामरला हवी असते ती एवढीच सवलत, की गट टाकताना खातेदार वेगळा टाकावा लागू नये. ती मिळवायला तो ‘ऑल’ लिहितो आणि त्याबरोबर पुसण्याची सनदही देऊन टाकतो. पुढे कधी तरी एका गटाचे दोन पोटहिस्से होतात, कुणी जुना गट पुसतो. गटामागोमाग खातेदार जातो. आणि खातेदाराकडून त्याच्या गटांकडे जाणाऱ्या नात्यावरही ‘ऑल’ असेल तर मूळ व्यवहाराशी काडीचा संबंध नसलेले सहा गट जातात. डेटाबेसमध्ये परकी चावी (फॉरिन की), म्हणजे खूण केलेली ओळ पुसू न देणारी अट, नीट लावलेली असेल आणि आणखी कुठली नोंद त्या गटांना धरून असेल, तर तो अडवतो. नसेल तर कोणीही अडवत नाही.

यावर अनुभवी प्रोग्रामर खांदे उडवून म्हणेल, की हे सगळे पुस्तकात लिहिलेले आहे. न वाचणाऱ्याचा दोष साधनाला कशाला? हा आक्षेप मला पुरता पटत नाही, आणि त्याला कारण जँगोचा इतिहास आहे. जँगोमध्ये एका तक्त्यातून दुसऱ्याकडे खूण करताना, मूळ ओळ पुसली तर काय करायचे हे सांगितले नाही, तर साधन ‘कॅस्केड’ धरून चालायचे. म्हणजे गप्प बसणे हीच संमती. हेही पुस्तकात लिहिलेले होतेच. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून त्यांनी ती मुभा काढून घेतली: पुसताना साखळी चालवायची, अडवायचे की जागा रिकामी सोडायची, हे प्रत्येक नात्यावर लेखी सांगा, नाहीतर प्रोग्राम चालणारच नाही. दोष केवळ न वाचणाऱ्यांचा असता, तर साधनाच्या कर्त्यांनी आपल्या वापरकर्त्यांचे असंख्य जुने प्रोग्राम दुरुस्त करायला लावले नसते. शिवाय अज्ञानाचा आरोप एक साधी गोष्ट विसरतो. नाते लिहिणारा एक, आणि चार वर्षांनी भलत्याच फाइलमध्ये पुसण्याची आज्ञा लिहिणारा दुसरा. पहिला तोवर नोकरी बदलून गेलेला असतो. दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर जी ओळ आहे तिच्यात साखळीचा उल्लेखही नसतो. एंटिटी फ्रेमवर्कच्या ‘कोअर’ या आजच्या रूपात मात्र सक्तीचे नाते असेल, तर पुसण्याची साखळी न सांगता लागू होते. त्यांची बाजू अशी, की मालकाशिवाय ओळ राहूच शकत नसेल तर ती जाणेच बरे. तर्क नीट आहे. पण तो परिणाम प्रोग्रामरने लिहून कबूल केलेला असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

दुसरा आक्षेप अगदी मुळावर घाव घालणारा आहे: दुभाष्याच नको, प्रत्येक बदल प्रोग्रामरने हाताने लिहावा. टेड न्यूअर्ड यांनी २००६ मध्ये ओआरएमला संगणकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले होते. आत शिरणे सोपे, बाहेर पडणे अवघड. त्यात तथ्य आहे. पण हाताने लिहिण्याचे फळ आपण वर पाहिलेच. तिसऱ्या गटावर राहून गेलेला बोजा हे हस्तलिखित दफ्तराचे अपत्य आहे. माणूस विसरतो, म्हणून तर साखळी हवी झाली. आणि साखळी ही ओआरएमची मक्तेदारीही नाही. पुसताना वा बदलताना ती चालवायची सोय डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेच्या १९९२च्या प्रमाणकातच आहे. फरक एवढाच, की तिथे न सांगितल्यास डेटाबेस नकार देतो.

मग महसुली दफ्तराने काय ओळखले होते? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० ची रीत पाहा. फेरफार नोंदवला की त्याची प्रत चावडीवर लागते आणि ज्यांच्या हक्काला धक्का लागू शकतो त्यांना नोटीस जाते. पंधरा दिवसांत हरकत आली तर ती तक्रारी नोंदींच्या वहीत जाते आणि सुनावणी होते. आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद घेणारा तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि ती प्रमाणित करणारा हे दोन वेगळे. एवढा पसारा कशासाठी, तर कलम १५७ मुळे: हक्कनोंदीतली प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. चुकीचा बदल एकदा आत गेला की तो खोटा ठरवण्याचे ओझे बिचाऱ्या नुकसान झालेल्यावर पडते. आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेले नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक लिहीत. हा माणूस इथे होता, आता नाही, आणि तो कुठल्या नोंदीने गेला ते सहा नंबरच्या वहीत पाहा, असे त्या कंसाचे म्हणणे. संगणकातल्या विनानोटीस बदलांत हे काहीच नसते. नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही, कंस नाही आणि क्रमांकही नाही.

इथे कुणी म्हणेल, की सातबाऱ्याचे गोडवे गाताय, पण फेरफार महिनोन्‌महिने अडकतात त्याचे काय? आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी असलेले कलम १५५ हक्कच बदलायला वापरले जाते, ही तक्रार तर नेहमीची. दोन्ही बाबी खऱ्या आहेत, आणि दुसरी तर माझ्या मुद्द्याला बळच देते. कलम १५५ चा गैरवापर बोचतो तो एवढ्यासाठी, की त्यात दुरुस्तीच्या नावाखाली फेरफाराची रीत टाळली जाते. म्हणजे कागदी दफ्तरातही नुकसान होते ते रीतीला बगल देणाऱ्या वाटेने. पहिल्या तक्रारीचे उत्तर असे, की प्रत्येक सेव्हला पंधरा दिवस थांबा असे कुणी म्हणत नाही. नोटीस कुठे लागते आणि कुठे नाही याची सीमा आखता येते. एरिक एव्हान्स यांनी २००३ मधल्या आपल्या पुस्तकात सॉफ्टवेअरसाठी ती आखून दाखवली: ज्या वस्तू एका मुख्य वस्तूवाचून अर्थहीन आहेत त्यांचा एक समूह मानावा, बदल त्या मुख्य वस्तूतूनच व्हावेत आणि समूहाबाहेरच्या वस्तूंकडे केवळ खूण असावी. जमिनीला हे लावून पाहा. पिकाची नोंद गटाशिवाय असूच शकत नाही. तिथे साखळी खुशाल चालू द्या. खातेदार मात्र गटाच्या आधीही होता आणि गट विकल्यानंतरही राहणार आहे. गटाला हात लावल्याने खातेदार बदलण्याचे काही कारण नाही. बोजा या दोहोंच्या मध्ये येतो. तो गटावर दिसतो, पण उगवतो सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जातून. गटाचे तुकडे पडले तर बोजा प्रत्येक तुकड्यावर जायचा की एकावर, हे प्रोग्रामने ठरवायचे नाही. तिथे कर्ज देणाऱ्याला विचारणे भागच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये नोटीस देणे तसे अवघड नाही, याचा पुरावाही जँगोतच आहे. त्याच्या तयार व्यवस्थापन पानावर एखादी नोंद पुसायला गेले, की आधी एक यादी समोर येते: हिच्यामागोमाग या-या नोंदीही पुसल्या जातील, खात्री आहे का? चावडीवर लावलेल्या प्रतीचेच हे काम. दुर्दैवाने ही सौजन्यशील यादी त्या पानापुरतीच असते. प्रोग्राममधून तीच आज्ञा दिली की काम मुकाट्याने उरकते. जी यंत्रणा यादी काढू शकते तिने ती मुकाट्याने काम करतानाही निदान लिहून ठेवायला हवी: कोणत्या आज्ञेने, कुणाच्या नावाने, कोणत्या तक्त्यातल्या किती ओळी बदलल्या. याला खर्च येतो, जागा लागते, वेग थोडा कमी होतो. हिंजवडीतले व्यवस्थापक नेमके याच खर्चावर काट मारतात आणि पुढे चूक शोधायला त्याच्या कितीतरी पट तास मोजतात. मला विचाराल तर जिथे लोकांचे हक्क, पैसे किंवा औषधे नोंदलेली आहेत, तिथे आवृत्ती क्रमांक आणि बदलाची नोंदवही यांशिवाय सॉफ्टवेअर ताब्यातच घेऊ नये. निविदा काढणाऱ्या सरकारी कचेऱ्यांनी ही अट लेखी घातली तर कंपन्या ती पाळतील. त्यांना हे तंत्र येत नाही असे मुळीच नाही.

तोवर खातेदाराला स्वतःपुरते करता येण्यासारखे एक काम आहे. गरज पडेल तेव्हा एकाच गटाचा सातबारा काढून समाधान मानू नका. आधी आठ-अ काढा, त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक गटाचा सातबारा उघडा, आणि नाव, क्षेत्र व इतर हक्क हे तीन रकाने एकमेकांशी ताडून पाहा. सातबाऱ्यावर जो फेरफार क्रमांक दिसतो तो फेरफारही वाचा. आपल्या नावचा बदल ज्या नोंदीने झाला ती आपल्याला ठाऊक नसेल तर लगेच चौकशी करा. डिजिटल सहीचा सातबारा राज्य सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो.